नवीन उत्पादन विकासाचं बेंचमार्किंग: वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना नीट कशी करायची

‘आपल्याला नवं प्रॉडक्ट बाजारात आणायला दोन वर्षं लागतात, त्यांना चौदा महिने.’ आढावा बैठकीत कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि पुढचा तासभर आपण इतके संथ का यावर चर्चा रंगते. ते चौदा महिने कधीपासून मोजले, कुठल्या प्रकारच्या प्रॉडक्टचे आहेत, मध्येच गुंडाळलेले प्रोजेक्ट त्यात धरलेत का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेक वेळा तुलनाच कोसळते.

बेंचमार्किंग म्हणजे इतर कंपन्यांच्या आकड्यांशी आणि पद्धतींशी स्वतःची तुलना. कारखान्यात ती त्या मानाने सोपी असते. एकच पार्ट हजारो वेळा बनतो, त्यामुळे सायकल टाइम आणि रिजेक्शन मोजून दोन कारखाने शेजारी ठेवता येतात. नवीन उत्पादन विकासात, म्हणजे एनपीडीत, प्रत्येक प्रोजेक्ट एकदाच होतो. दोन कंपन्यांचे आकडे एका तक्त्यात आले म्हणून ते तुलनेला योग्य ठरत नाहीत. माझ्या मते या कामातली बहुतांश मेहनत पहिला आकडा मिळण्याआधीची आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते.

पायरी १: निर्णय कोणता घ्यायचाय?

‘आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते बघूया’ हा हेतू पुरेसा नाही. त्यातून चाळीस मेट्रिकचा रिपोर्ट तयार होतो आणि कपाटात जातो. आधी एक वाक्य लिहा: या अभ्यासानंतर आपण अमुक गोष्ट बदलायची की नाही हे ठरवू. उदाहरणार्थ, प्रोजेक्टांची संख्या कमी करायची का, टेस्टिंगसाठी वेगळी टीम उभारायची का, सप्लायरला डिझाइनमध्ये लवकर घ्यायचं का. हा निर्णय ज्याच्या हातात आहे तो माणूस पहिल्या बैठकीला हजर हवा. तो नसेल तर काम पुढे ढकला.

पायरी २: प्रोजेक्टची वर्गवारी

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बूझ अ‍ॅलन अँड हॅमिल्टन या सल्लागार कंपनीने १९८२ साली नव्या उत्पादनांचे सहा प्रकार पाडले होते: जगालाच नवीन, कंपनीसाठी नवी प्रॉडक्ट लाइन, चालू लाइनमध्ये भर, आहे त्यात सुधारणा, नव्या ग्राहकवर्गासाठी पुनर्मांडणी आणि खर्च कमी केलेली आवृत्ती. त्यांच्या पाहणीत जगाला खऱ्या अर्थाने नवीन अशी उत्पादनं फक्त १० टक्के होती. एखादी कंपनी वर्षाला पन्नास ‘नवी’ उत्पादनं काढत असेल तर त्यातली किती फक्त रंग, आकार किंवा पॅकिंग बदललेली आहेत हे आधी बघायला हवं.

प्रोजेक्टांचं मिश्रण निकाल कसा उलटा करतं ते एका काल्पनिक उदाहरणात बघू. कंपनी ‘क’चे ४० प्रोजेक्ट आहेत. त्यातले १० किरकोळ सुधारणांचे, प्रत्येकी ८ महिन्यांचे; उरलेले ३० नव्या प्लॅटफॉर्मचे (म्हणजे ज्यावर पुढे अनेक मॉडेल बेततात तो मूळ सांगाडा), प्रत्येकी २४ महिन्यांचे. एकूण सरासरी येते २० महिने. कंपनी ‘ख’चेही ४० प्रोजेक्ट, पण तिथे सुधारणांचे ३० आणि ते १० महिने घेतात, प्लॅटफॉर्मचे १० आणि ते ३० महिने घेतात. सरासरी १५ महिने. रिपोर्टमध्ये ‘ख’ झळकते. प्रत्यक्षात ‘क’ दोन्ही प्रकारांत ‘ख’पेक्षा वेगवान आहे! फक्त तिने अवघड कामं जास्त अंगावर घेतली आहेत. दोघींना सारखंच, म्हणजे निम्मं-निम्मं मिश्रण लावून गणित केलं तर ‘क’चे १६ आणि ‘ख’चे २० महिने होतात. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एनपीडीच्या तुलनेत तो अपवादाने नाही, सर्रास आढळतो.

म्हणून सहा नाही तरी तीन गट तरी पाडा: नवा प्लॅटफॉर्म, चालू प्लॅटफॉर्मवरचं नवं मॉडेल, किरकोळ बदल. प्रत्येक गटाची कसोटी अशी लिहा की दोन वेगळ्या माणसांनी तोच प्रोजेक्ट एकाच गटात टाकला पाहिजे. ‘बऱ्यापैकी नवीन’ ही कसोटी झाली नाही. ‘निम्म्याहून अधिक पार्ट नव्याने डिझाइन केलेले’ ही झाली. दहा जुने प्रोजेक्ट दोन सहकाऱ्यांना वेगवेगळे वर्गीकरण करायला द्या. तीन-चार ठिकाणी मतभेद आले तर कसोटी पुन्हा लिहायला घ्या.

पायरी ३: घड्याळ कधी सुरू, कधी बंद

विकासाला किती वेळ लागला, या साध्या प्रश्नाला एकाच प्रोजेक्टसाठी चार खरी उत्तरं असू शकतात. कल्पना पहिल्यांदा कागदावर आली तो दिवस, बजेट मंजूर झालं तो दिवस, टीमला पूर्णवेळ माणसं मिळाली तो दिवस, स्पेसिफिकेशन गोठवलं तो दिवस. शेवटाचंही तेच: पहिला नग लाइनवरून उतरला, पहिली डिलिव्हरी ग्राहकाला गेली, की ठरलेलं उत्पादनप्रमाण गाठलं?

कल्पना ते बजेट हा काळ बहुतेक कंपन्या मोजतच नाहीत. तो मोजायला कठीण असतो, आणि कुणाच्याच खात्यावर नसतो. तरीही बाजाराच्या दृष्टीने तो वाया गेलेला वेळच. बऱ्याच कंपन्यांत प्रोजेक्ट पुढे न्यायचा की बंद करायचा हे टप्प्याटप्प्याला ठरतं; त्या प्रत्येक टप्प्याला ‘गेट’ म्हणतात. एखादी कंपनी गेट दोननंतरचा काळ झपाट्याने कापते, कारण सगळी कटकट तिने गेट दोनच्या आधी ढकललेली असते. हे चुकीचं आहे असं नाही, कदाचित उत्तम पद्धत असेल. पण तिचा आकडा बजेट-मंजुरीपासून मोजणाऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवला की दिशाभूल झालीच.

व्यावहारिक तोडगा असा: एकच सुरुवात आणि एकच शेवट मागू नका, पाच तारखा मागा. कल्पनेची पहिली नोंद, बजेट-मंजुरी, डिझाइन फ्रीझ (म्हणजे डिझाइन अंतिम ठरलं तो दिवस), पहिला विक्रीयोग्य नग, पहिली ग्राहक-डिलिव्हरी. तारखा असल्या की कुठलाही कालावधी तुम्ही स्वतः काढू शकता आणि सगळ्या कंपन्यांना एकच व्याख्या लागते. तारीख कुठून घेतली तेही लिहून घ्या. मंजुरीच्या मिनिट्समधली किंवा पीएलएम सिस्टिममधली (उत्पादनाच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) तारीख आणि प्रोजेक्ट मॅनेजरच्या आठवणीतली तारीख यांचं वजन सारखं नसतं. आठवणीतली तारीख जवळजवळ नेहमी प्रोजेक्टला सोयीची असते.

थांबलेल्या काळाचं काय, हा पुढचा प्रश्न. प्रोजेक्ट सहा महिने ‘होल्ड’वर होता म्हणून काही कंपन्या घड्याळ थांबवतात. मी थांबवू देत नाही. होल्डचे महिने वेगळ्या रकान्यात नोंदवा, पण एकूण काळातून वजा करू नका. प्रोजेक्ट होल्डवर जाणं हेही कंपनीच्या कार्यपद्धतीचंच फळ असतं.

पायरी ४: मोजमापं, मोजकीच

पाच-सहा पुरतात: लागलेला काळ, लागलेले इंजिनिअरिंग तास, मंजूर वेळापत्रकापेक्षा झालेला उशीर, लाँचनंतरचं यश, विक्रीतला नव्या उत्पादनांचा वाटा, आणि गुंतवणूक वसूल व्हायला लागलेला काळ. शेवटच्या मापावर ह्युलेट-पॅकार्डने १९८०च्या दशकाच्या अखेरीस बराच भर दिला होता: काम सुरू झाल्यापासून नफ्यातून सगळा विकासखर्च निघेपर्यंत किती महिने गेले. त्यात वेग, खर्च आणि बाजारातलं यश तिन्ही येतं, म्हणून ते मला आवडतं. त्याचा तोटा एकच, उत्तर फार उशिरा मिळतं.

विक्रीतला नव्या उत्पादनांचा वाटा हे माप लोकप्रिय आहे आणि तितकंच फसवं. ३एम कंपनीचं उदाहरण घ्या. तिथे आधी उद्दिष्ट होतं, गेल्या पाच वर्षांत आणलेल्या उत्पादनांतून २५ टक्के विक्री. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बदलून गेल्या चार वर्षांतल्या उत्पादनांतून ३० टक्के केलं. दोन्ही आकडे ‘नव्या उत्पादनांचा वाटा’ याच नावाने फिरतात. खिडकी चार वर्षांची की पाच हे कळल्याशिवाय त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय ज्या उद्योगात मॉडेल दर दोन वर्षांनी बदलतं तिथे हा वाटा आपोआप मोठा दिसतो, आणि ज्या उद्योगात उत्पादन वीस वर्षं चालतं तिथे छोटा.

खिडकीचा परिणाम पुढे कुठवर जातो ते पाहा. आर अँड डी (संशोधन आणि विकास) परिणामकारकता निर्देशांक नावाचं एक माप १९९४ पासून वापरात आहे. नव्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा घ्यायचा, त्याला निव्वळ नफ्याची विक्रीतली टक्केवारी अधिक आर अँड डी खर्चाची विक्रीतली टक्केवारी यांच्या बेरजेने गुणायचं आणि आर अँड डीच्या टक्केवारीने भागायचं. उत्तर १ च्या वर आलं तर नव्या उत्पादनांतून आर अँड डीच्या खर्चापेक्षा जास्त मिळतंय असा अर्थ. समजा वाटा ३० टक्के, नफा ८ टक्के, आर अँड डी ५ टक्के: उत्तर ०.७८. आता खिडकी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि वाटा ४५ टक्के झाला तर उत्तर १.१७. कंपनीने काहीही न बदलता ती नापासातून पासात आली.

यशाच्या दराबद्दलही दोन शब्द. ‘दहातली नऊ नवी उत्पादनं फसतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पीडीएमए ही उत्पादन-विकासातल्या व्यावसायिकांची संघटना १९९० पासून काही वर्षांच्या अंतराने कंपन्यांची तुलनात्मक पाहणी करत आली आहे. त्या पाहण्यांमध्ये बाजारात आणलेल्या उत्पादनांपैकी साधारण ६० टक्के यशस्वी ठरल्याचं कंपन्या सांगतात, म्हणजे फसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास. ‘यश’ मात्र कंपनी स्वतःच्या उद्दिष्टांवरून ठरवते, आणि उद्दिष्ट खाली ठेवणाऱ्या कंपनीचा दर अर्थातच वर जातो. त्यामुळे यश मागताना मंजुरीच्या वेळचा विक्री-अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री अशा दोन संख्या मागा. ‘यशस्वी’ या रकान्यात टिकमार्क मागू नका.

पायरी ५: तुलना कुणाशी आणि डेटा कुठून

झेरॉक्सने १९७९ च्या सुमारास जपानी कॉपीअरशी तुलना सुरू केली तेव्हा प्रतिस्पर्धी ज्या किमतीला मशीन विकत होते ती झेरॉक्सच्या स्वतःच्या उत्पादनखर्चाच्या आसपास होती. तिथून बेंचमार्किंग हा शब्द व्यवस्थापनात रुजला. पण पुढे याच कंपनीने गोदामातून माल उचलण्याची पद्धत शिकण्यासाठी एल. एल. बीन ही कपडे आणि बाहेर भटकंतीचं सामान पोस्टाने विकणारी कंपनी निवडली. धडा सरळ आहे: आकडे स्वतःच्या उद्योगातून घ्या, पद्धती कुठूनही. टेस्टिंगचे नियम, सुरक्षा मानकं, उत्पादनाचं आयुष्य वेगळं असेल तर कालावधीचा आकडा जुळत नाही. पण डिझाइन रिव्ह्यू कसा घ्यावा हे वैद्यकीय उपकरणांची कंपनी पंप बनवणाऱ्याला शिकवू शकते.

जाहीर आकड्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. युरोपीय आयोग २००४ पासून सर्वाधिक आर अँड डी खर्च करणाऱ्या कंपन्यांची वार्षिक यादी काढतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हिशेबाचे नियम वेगळे असतात. आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमांतल्या आयएएस ३८ या मानकानुसार ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. अमेरिकी नियमांत, काही सॉफ्टवेअर वगैरे सोडलं तर, तो त्याच वर्षी खर्ची टाकतात. त्यामुळे नफा-तोटा पत्रकातला आर अँड डीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. मालमत्तेत टाकलेली रक्कम टीपांमधून शोधून त्यात मिळवा आणि जुन्या रकमेचं चालू वर्षातलं अ‍ॅमॉर्टायझेशन, म्हणजे त्यातला यंदा खर्ची टाकलेला हप्ता, वजा करा. दोन, खर्च हे फळ नव्हे. वर आलेल्या बूझ कंपनीने आणि पुढे तिच्यातून निघालेल्या कंपनीने २००५ पासून जगातल्या सर्वाधिक आर अँड डी खर्च करणाऱ्या हजार कंपन्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला, आणि खर्च व आर्थिक कामगिरी यांचा सांख्यिकीय संबंध त्यांना सापडला नाही.

प्रोजेक्ट पातळीवरचा डेटा मात्र कंपन्यांकडूनच मिळतो आणि तो त्या फुकट देत नाहीत. तुम्ही जे मागता ते तुम्हीही दिलं पाहिजे, हा पहिला शिष्टाचार. प्रतिस्पर्धी एकत्र येत असतील तर आधी वकिलाला विचारा. भविष्यातल्या किमती, लाँचच्या तारखा, अजून जाहीर न झालेली उत्पादनं यांची देवाणघेवाण स्पर्धा कायद्यात अडकवू शकते. मधे तटस्थ संस्था, जुनाच डेटा आणि नावं झाकून एकत्रित निकाल ही पद्धत रुळलेली आहे. अमेरिकेत आरोग्यसेवेच्या संदर्भात एक ठोकताळा होता: तीन महिन्यांहून जुना डेटा, किमान पाच सहभागी, आणि कुणाचाही वाटा २५ टक्क्यांहून जास्त नाही. इतर उद्योगही त्याचा आधार घेत. तो २०२३ साली मागे घेतला गेला, त्यामुळे ‘पाच कंपन्या आहेत म्हणजे आपण सुरक्षित’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

पायरी ६: फॉर्म

कंपनीला तिची सरासरी विचारायची नाही. प्रत्येक प्रोजेक्टची एक ओळ मागायची: सांकेतिक क्रमांक, गट, पाच तारखा, मंजुरीच्या वेळचा अंदाजित काळ, स्वतःचे इंजिनिअरिंग तास, सप्लायरकडे झालेल्या डिझाइनचा वाटा, जुन्या पार्टचं प्रमाण, होल्डचे महिने, आणि शेवट काय झाला: लाँच, बंद, की अजून चालू.

शेवटचा रकाना सोडू नका. नुसते पूर्ण झालेले प्रोजेक्ट मागितले तर लांबलेले आणि मेलेले प्रोजेक्ट गायब होतात आणि सगळेच चपळ दिसतात. ‘गेल्या तीन वर्षांत पूर्ण झालेले’ असं न मागता ‘अमुक वर्षात मंजूर झालेले सगळे’ असं मागा. त्यातले काही अजून चालू असतील. त्यांना वगळायचं नाही. विश्लेषणात त्यांना ‘आजवर इतके महिने, अजून अपूर्ण’ असंच धरायचं. अपूर्ण नोंदी न वगळता कालावधीचा अंदाज काढणारी, वैद्यकीय संशोधनात रुळलेली कॅप्लान-मायर पद्धत इथे चपखल बसते आणि कुठलंही सांख्यिकी सॉफ्टवेअर ती करून देतं.

फॉर्म सगळ्यांना पाठवण्याआधी तो स्वतःच्या कंपनीतल्या पाच प्रोजेक्टांसाठी भरून बघा. जो रकाना भरायला तुमच्याच लोकांना दोन दिवस शोधाशोध करावी लागली, तो बाहेरचे अंदाजे भरणार हे नक्की.

पायरी ७: आकडे तपासणं आणि समायोजन

आलेल्या डेटाची एक झटपट परीक्षा आहे. लिटलच्या नियमानुसार, व्यवस्था स्थिर असेल तर चालू कामांची संख्या भागिले बाहेर पडण्याचा दर म्हणजे आत राहण्याचा सरासरी काळ. समजा कंपनीकडे ३६ प्रोजेक्ट चालू आहेत आणि वर्षाला १२ बाहेर पडतात, ९ लाँच होऊन आणि ३ बंद होऊन. मग एक प्रोजेक्ट सरासरी ३ वर्षं आत असतो. त्याच कंपनीने कळवलेला काळ १८ महिने असेल तर फोन उचला. बहुधा होल्डचे महिने कापलेले असतील, किंवा यादीत नावापुरते पडून असलेले प्रोजेक्ट असतील. दुसरी शक्यता खरी निघाली तर तोच अभ्यासातला सगळ्यात उपयोगी शोध ठरू शकतो.

मग समायोजन. या बाबतीत हार्वर्डच्या किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांचं १९८०च्या दशकातलं मोटार उद्योगावरचं काम आजही वाचण्यासारखं आहे. २० कंपन्या आणि २९ प्रोजेक्ट. गाड्यांचा आकार आणि किंमत, बॉडीचे प्रकार, जुन्या मॉडेलमधून घेतलेले पार्ट, सप्लायरने केलेलं डिझाइन, या सगळ्याचा हिशेब करून मगच त्यांनी तुलना केली. एवढं करूनही फरक उरला: जपानी कंपन्यांना पूर्ण नव्या गाडीसाठी सरासरी १७ लाख इंजिनिअरिंग तास आणि ४६ महिने, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना त्याच दर्जाच्या कामासाठी ३० लाखांच्या आसपास तास आणि सुमारे ६० महिने. समायोजन केल्यावर उरलेला फरक हाच बोलण्यालायक असतो. त्याआधीच्या फरकावर कुणीही ‘आमची गाडी वेगळी आहे’ म्हणून हात झटकू शकतो, आणि तो बरोबरही असू शकतो.

तुमच्याकडे एवढा डेटा नसेल तर गटनिहाय तुलना आणि सारख्या मिश्रणाचं गणित, जे वर केलं, तेवढंही पुष्कळ आहे. सप्लायरचे तास मात्र कुठल्याही परिस्थितीत मिळवा. निम्मं डिझाइन बाहेर करून घेणारी कंपनी स्वतःच्या तासांवर नेहमीच काटकसरी दिसते.

पायरी ८: निकाल वाचणं

सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) वापरा, कारण एखादा सात वर्षं रखडलेला प्रोजेक्ट सरासरीला ओढून नेतो. मध्यकासोबत पसाराही दाखवा: पहिलं आणि तिसरं चतुर्थक, म्हणजे ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण प्रोजेक्ट येतात ते आकडे. कंपन्यांना क्रमांक देऊ नका. एका गटात प्रत्येकी सहा-सात प्रोजेक्ट असताना तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकातला फरक योगायोगानेही पडतो. तुम्ही वरच्या पावभागात आहात, मधे आहात की खालच्या, एवढंच सांगता येतं, आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

आकडा अंतर दाखवतो, कारण दाखवत नाही. कारणासाठी प्रत्यक्ष भेट हवी. भेटीत ‘तुमची पद्धत काय’ असं विचारलं तर प्रेझेंटेशन मिळतं. त्याऐवजी एक पूर्ण झालेला प्रोजेक्ट निवडा आणि त्याचा प्रवास तारखेनुसार विचारा. डिझाइन फ्रीझनंतर किती बदल झाले, त्यातला सर्वात महाग कुठला, तो कुणी पकडला, निर्णयाला किती दिवस लागले? एक इंजिनिअर एका वेळी किती प्रोजेक्टवर होता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलकं असतं.

चांगल्या कंपन्यांत एखादी पद्धत दिसली म्हणजे तीच यशाचं कारण, असंही नाही. खालच्या पावभागातल्या कंपन्याही तेच करतात का ते तपासा. जवळपास सगळ्यांकडे गेट असतात. वेगळेपण असतं ते गेटवर खरंच प्रोजेक्ट बंद होतात की नाही यात, आणि ‘बंद’ रकाना मागितला असेल तरच ते कळतं.

मिळालेला आकडा लगेच कुणाच्या बोनसला जोडू नका. जोडलात तर पुढच्या वर्षी बजेट-मंजुरी दोन महिने उशिरा होऊ लागेल आणि विकासाचा काळ कागदावर आपोआप घटेल. पाच तारखा असल्यामुळे ते तुम्हाला दिसेल, एवढाच दिलासा. पुढची फेरी दोन वर्षांनी घ्या, त्याआधी पुरेसे नवे प्रोजेक्ट संपलेलेच नसतात. तोवर व्याख्यांना हात लावायचा नाही. बदल करावाच लागला तर जुन्या प्रोजेक्टांनाही नवी व्याख्या लावा आणि दोन्ही आकडे शेजारी छापा.